रात्रभर शटर उघडं ठेवाल, पण घरी जायचं कसं?

तिसरी_पाळी | शनिवार, रात्री १०:५२

दुकानं चोवीस तास उघडी ठेवायचा शासन निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये आला आणि आमच्या चाळीच्या ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतो मुंबई आता खरी जागी झाली, दुसरा म्हणतो पोरं वाया जाणार. निर्णय दोन्हीकडे कोणी वाचलेला नाही हे उघड दिसतंय, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच होती. तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. दारू देणाऱ्या जागांच्या वेळा मात्र वेगळ्या ठरवल्या. मुंबईत परमिट रूमला रात्री दीड. तरी बारा वाजले की पोलिस काठी आपटत शटर पाडायला लावायचे, कारण 'रात्री बंद' ही सवय कायद्यापेक्षा जुनी. नव्या निर्णयाने एवढंच बजावलं की दारूच्या जागा सोडून बाकीच्यांना अडवू नका, आणि कामगाराला आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी द्या. म्हणजे पब पहाटेपर्यंत चालणार ही बातमी खोटी आहे. मेडिकल, इडलीवाला, झेरॉक्स, किराणा, न्हावी यांनी हवं तर चालू ठेवावं, इतकीच बाब आहे.

मधला एक अंक लोक विसरलेत. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत 'रात्रजीवन' सुरू झालं होतं, मॉल, गिरण्यांची आवारं अशा कुंपणाच्या आतल्या जागांपुरतं. दोन महिने भरायच्या आत टाळेबंदी आली आणि त्या वर्षअखेरीला रात्रीची संचारबंदी. एवढ्याशा काळावरून ते चाललं की पडलं हे कोणी सांगू नये.

आता माझा मुद्दा. माझे वडील लालबागला गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. बारा ते सात. आयडी तिथूनच घेतलाय. गिरणगावात रात्र नावाची वस्तूच नव्हती. बाराच्या भोंग्याला दुसरी पाळी सुटायची आणि तिसरी आत जायची, त्या अर्ध्या तासात रस्त्यावर जत्रेइतकी माणसं. चहावाला, पानवाला, भजीवाला जागा. खानावळीच्या बाया पहाटे चारला चुली पेटवायच्या. प्रेमाताई पुरव यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ १९७५ ला उभं राहिलं ते याच बायांचं. दहा बाय बाराच्या गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. आज ज्याला रात्रीची अर्थव्यवस्था म्हणतात ती याहून काय वेगळी असते?

फरक एकच, पण मोठा. बाबा घरून गिरणीत चालत जायचे. सात मिनिटं.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आले, ऑफिसं आली, पब आले. आम्ही डोंबिवलीला आलो. आता माझा भाचा त्याच भागात, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या पबच्या किचनमध्ये आहे. दीडला बार बंद. शेवटचं गिऱ्हाईक, मग भट्टी, फरशी, चिमणीच्या जाळ्या धुणं, सव्वादोन. करी रोडहून कल्याणकडची शेवटची गाडी तोवर केव्हाच गेलेली. पहिली साडेचारच्या आसपास. मधले सव्वादोन तास तो एका बुर्जीपावच्या गाडीजवळ उलट्या क्रेटवर बसतो. गाडीवाल्याला कांदे चिरून देतो, त्याबदल्यात चहा. रिक्षा त्या भागात येत नाहीत, आणि टॅक्सीला बारा ते पाच सव्वापट भाडं. डोंबिवलीपर्यंत गेला तर दिवसाची कमाई मीटरमध्ये.

ज्या जमिनीवर माझा बाप सात मिनिटांत कामाला पोचायचा, तिथे त्याचा नातू रात्री अडकून पडतो. बार किती वाजता बंद व्हावा यावर सगळे भांडतात. वाढणारा घरी कसा जातो, हे कोणी विचारत नाही. बोला.

---

पेठी_पुणेकर | शनिवार, रात्री ११:२०

लेख चांगला. पण गिरणीचा भोंगा आणि पबचा बास यांना एका पारड्यात घालू नका. भोंगा वाजायचा नि थांबायचा.

मुलगी कल्याणीनगरला राहते. शनिवारी तिच्याकडे मुक्काम पडला की माझी छाती धडधडते, आणि ती धडधड हृदयाची नसते. गाणं ऐकू येत नाही, फक्त भिंतीतून ठोके येतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल आहेत. तक्रार केली की पथक येतं, तेवढ्यापुरता आवाज खाली जातो, पथक वळलं की वर. मी इअरप्लग घेतलेत. मुळात विसर्जन मिरवणुकीसाठी घेतले होते, आमचं घर लक्ष्मी रस्त्याला लागून. म्हणजे दोन्ही संस्कृतींकडून मार खातोय.

आणि मे २०२४ विसरू नका. त्याच कल्याणीनगरात पबमधून निघालेल्या पोराच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतर महिनाभर पुण्यात पब सील होत होते. परवाने, गच्च्या, बेकायदा शेड सगळं एकदम दिसायला लागलं. आधी डोळ्यांत काय गेलं होतं?

---

शटर_अर्धं | शनिवार, रात्री ११:४७

मी या धंद्यात आहे. दादरला छोटं हॉटेल, दारू नाही. दोन वर्षं एका परमिट रूममध्ये भागीदारही होतो, तिथून अंग काढून घेतलं.

आतली गोष्ट सांगतो. परवानगी मिळाली म्हणून शटर वर राहत नाही. जागेचं भाडं चोवीस तासांचंच असतं, तेव्हा जास्त तास उघडं ठेवलं की फायदा, असं बाहेरून वाटतं. पण रात्रीला दुसरी टोळी लागते. एक कुक, दोन वेटर, मोरीवर एक, गल्ल्यावर एक भरवशाचा. मध्यरात्रीनंतरचा धंदा म्हणजे चहा, बन मस्का, अंडाबुर्जी. बिल लहान, बसणं लांब. चार जण दोन चहा घेऊन तासभर बसतात. दारूवाल्याचं उलट. त्याचं खरं कमावणं अकरा ते दीडमध्ये, दुसऱ्यांदा टेबल फिरतं तेव्हा. म्हणून सगळी ओढाताण त्या दीडच्या काट्यावर आहे, मेडिकल-किराण्यावर नाही.

आम्ही शुक्रवार-शनिवार तीनपर्यंत चालवून बघितलं. चार महिने. टेबलावरची गिऱ्हाइकं मोजकी, अॅपवरच्या ऑर्डरी जास्त. ते डिलिव्हरीवाले पोरगे आमच्याच पायरीवर बसायचे, आणि सोसायटीची तक्रार आली ती त्यांच्या मोटारसायकलींची. बंद केलं.

परवान्यांचं म्हणाल तर यादी वाचूनच माणूस झोपेल. आस्थापना नोंदणी, ईटिंग हाऊस, आरोग्य खातं, अन्न परवाना, अग्निशमनचा दाखला, दारू असेल तर एफएल-३ हा बारचा परवाना, गाणी वाजवली तर त्याचा वेगळा. प्रत्येकाचा साहेब वेगळा. आणि गंमत, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो. विदेशी मद्याला एक दिवसाचा पाच रुपयांचा, देशीला दोन रुपयांचा. कितीजणांनी फाडलाय?

---

मीच_तो | रविवार, रात्री १२:०३

वाचनखूण साठवली आहे. सवडीने प्रतिसाद देतो.

---

रातराणी_सिस्टर | रविवार, सकाळी ७:३५

ड्यूटी संपवून लिहितेय. एका हॉस्पिटलात अकरा वर्षं नाइट करते.

'नाइटलाइफ' म्हटलं की फोटो पबचा. अहो, रात्री जागं असलेलं शहर म्हणजे आम्ही, ससून डॉकवर मासळी उतरवणाऱ्या बाया, दादरच्या फुलबाजारातले हमाल, रुळांवरचे गँगमन. लोकल रात्री एक ते चार का बंद असते? तेव्हाच तर तारा आणि रूळ बघितले जातात. ते गँगमन रात्रजीवनात धरायचे की नाही?

मालकांना त्याच २०१७ च्या कायद्यातलं कलम १३ पाठ हवं. साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती पाहिजे, सुरक्षितता पाहिजे, आणि घराच्या दारापर्यंत वाहन पाहिजे. स्टेशनपर्यंत नाही, दारापर्यंत. माझी मैत्रीण एका साखळी कॅफेत होती. तिला संमतीपत्रावर पहिल्याच दिवशी सही करायला लावली, गाडी मात्र 'लवकरच सुरू होईल' म्हणून आठ महिने सांगितलं. शेवटी सोडलं तिने.

आणि एक साधी गोष्ट, जी पुरुषांना सुचत नाही. रात्री एकनंतर मुंबईत बाईने जायचं कुठे? स्वच्छतागृहाला कुलूप. मी घोटभर पाणी पिऊन निघते, घरी पोचेपर्यंत दुसरा घोट नाही. शेवटच्या गाडीला लेडीज डब्यात वर्दीवाला असतो, त्याचा आधार वाटतो. पण डब्यातून उतरल्यावर पुलावरचा दिवा गेलेला असतो, त्याचं काय?

---

पेठी_पुणेकर | रविवार, सकाळी ८:१०

सिस्टर, शेवटच्या परिच्छेदाला उत्तर नाही. काल मी फक्त माझ्या झोपेचं लिहिलं.

---

सराफ्याचा_जावई | रविवार, सकाळी १०:१५

इंदूरहून. होळकरांच्या राज्यातलं मराठी आहे, हिंदी घुसली तर सांभाळून घ्या.

आमच्या सराफ्यात हे सगळं कुठल्याही शासन निर्णयाशिवाय चालतं. दिवसा सोन्याची दुकानं. रात्री आठ-नऊला सराफ शटर ओढतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, ताटाएवढा जलेबा. रात्री दोनपर्यंत पाय ठेवायला जागा नाही. म्हातारे सांगतात की सराफांनाच हे हवं होतं, कारण गर्दी असली की दुकान फोडायची कोणाची छाती? एकाच गल्लीने दिवसाचं भाडं वेगळं कमवावं आणि रात्रीचं वेगळं. अहमदाबादचा माणेक चौकही असाच.

आणि लक्षात घ्या, दारूचा थेंब नाही. बायका, पोरं, आजी, सगळं खटलं रात्री साडेबाराला जलेबा खातंय.

पण तोच इंदूर २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे जलद बसच्या, रस्त्यावर चोवीस तास बाजार उघडायला गेला. आयटी आणि स्टार्टअपवाल्यांसाठी. तिथे ना ओटे, ना जुने दुकानदार, ना एकमेकांना ओळखणारे लोक. भांडणं, नशा, व्हिडिओ, तक्रारी. २०२४ मध्ये गुंडाळलं. सराफा मात्र चालूच. माझं मत असं की रात्र वरून सोडता येत नाही. ती गल्लीत मुरावी लागते.

---

शटर_अर्धं | रविवार, सकाळी १०:४०

सराफ्याच्या गल्लीत अग्निशमनचा बंब जातो का, जावईबापू? चिडून विचारत नाही. रात्री बाराला तिथे उभा राहिलोय, गॅसच्या टाक्या मोजत होतो. धंद्याची सवय.

---

सराफ्याचा_जावई | रविवार, सकाळी १०:५८

नाही जात. तुमचं खरं आहे. यावर आमच्याकडेही वाद चालू असतो. दागिन्यांवर धूर बसतो म्हणून काही सराफही आता कुरकुरतात.

---

थेम्सकाठचा | रविवार, दुपारी २:३०

लंडनमधून. मुंबईत 'लंडनसारखी चोवीस तास' म्हणणाऱ्यांनी इथे येऊन रात्री साडेअकराला जेवण शोधून दाखवावं. बहुतेक पब अकरा-बाराला घंटा वाजवतात. २००३ चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी 'चोवीस तास पिणं' म्हणून ओरड केली होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी तास-दोन तासच वाढवून घेतले.

सिस्टरांचा मुद्दा आकड्यांत सांगतो. महापौर कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे लंडनमध्ये संध्याकाळी सहा ते सकाळी सहा या वेळात सोळा लाख लोक काम करतात. बारवाले त्यातला एक तुकडा. दवाखाने, मालवाहतूक, सफाई हेच मोठं.

तिसरी_पाळींच्या प्रश्नाला जवळ जाणारं एकच काम मी इथे पाहिलं. ऑगस्ट २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी रात्रभर भुयारी रेल्वे. सगळ्या मार्गांवर नाही, आणि उरलेले पाच दिवस देखभालीला मोकळे. कोविडात बंद पडली, २०२१ च्या अखेरीपासून परत आली. ती नव्हती तेव्हाही रात्रीच्या बसचं जाळं होतंच. रात्री तीनच्या बसमध्ये बघा, सूटवाला एखादा, बाकी सगळे सफाईवाले आणि वॉर्डबॉय. पिणारे टॅक्सीने जातात.

उलटं उदाहरण सिडनीचं. मारामारीत तरुण मुलं गेली म्हणून २०१४ मध्ये शहराच्या मध्यभागी आणि किंग्ज क्रॉस या तिथल्याच भागात रात्री दीडनंतर नव्या गिऱ्हाइकाला आत घ्यायचं नाही, तीनला शेवटचा पेला, असा नियम केला. तिथली मारामारी कमी झाली, पण गाण्याच्या जागाही बंद पडल्या, रस्ते ओस पडले. २०२० मध्ये मध्यभागातून आणि २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधून तो नियम उठवला. अॅमस्टरडॅमने 'रात्रीचा महापौर' नेमून रेम्ब्राँट चौकात गोड बोलून गर्दी पांगवणारी माणसं उभी केली. लंडनने बाई नेमल्या, 'नाइट झार', २०१६ ते २०२४. लोकांनी त्यांना शिव्याच जास्त घातल्या, कारण परवाने बरोंच्या, म्हणजे स्थानिक पालिकांच्या, हातात आणि गाड्या वाहतूक खात्याच्या.

---

मांडवीकिनारी | रविवार, दुपारी ४:०५

पणजीतून लिहितो. आमच्याकडे रात्रजीवन आहे, फक्त आमचं नाही.

मांडवीत कॅसिनोची जहाजं रात्रभर लखलखतात. फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला त्यांत जुगार खेळायला बंदी आहे. म्हणजे आम्ही किनाऱ्यावर उभे राहून दिवे बघायचे, आणि त्या जहाजांवर जाणाऱ्यांच्या गाड्या आमच्या दारात. खाजगी बसी रात्री आठनंतर मिळत नाहीत. पर्वरीला राहणारा वेटर पूल ओलांडायला कोणाच्या तरी स्कूटरला हात करतो.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याला नाइटक्लबला आग लागली, पंचवीस माणसं गेली. त्यात बरेचसे तिथले कामगार होते. नाचणारे बाहेर पळाले, तळघरातल्या किचनमधले अडकले.

---

तिसरी_पाळी | रविवार, संध्याकाळी ६:२०

मांडवीकिनारी, हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

आमच्याकडे २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली. चौदा जण गेले, बरेचसे शौचालयात धुराने गुदमरून. तारखा बघा. कायदा लागू झाला १९ ला, आग २९ ला. दहा दिवस. चोवीस तासांच्या कायद्याने आग लागली असं मी म्हणत नाही. त्या गच्च्यांवरच्या ताडपत्र्या आधीपासून होत्या. मी म्हणतो की उघडं ठेवायचा कागद दहा दिवसांत दारावर लागतो, आणि जिना मोकळा आहे का हे बघायला माणसं मरावी लागतात.

शटर_अर्धं, एक विचारायचंय. परमिट रूममध्ये होतात तेव्हा पोरं घरी कशी जायची?

---

शटर_अर्धं | रविवार, रात्री ९:१५

जायची नाहीत. वरच्या माळ्यावर झोपायची. उडपी हॉटेलांत पहिल्यापासून हेच. मालकाने झोपायला जागा दिली म्हणजे उपकार, आणि सकाळी दूधवाला आला की उठवायला माणूस हाताशी. ओव्हरटाइमचा दुप्पट दर कायद्यात आहे. झोपलेल्याला उठवण्याचा दर कुठेच नाही.

आता माझ्याकडचे पाच जण विरारकडचे आहेत. हॉटेल साडेअकराला आवरतो, ते शेवटच्या गाडीच्या हिशोबानेच. तीनपर्यंतचा प्रयोग बंद करायचं खरं कारणही तेच होतं, काल लाजेने धंद्याचं पुढे केलं. एक पोरगा दादरला फलाटावर झोपलेला पोलिसांनी उठवला आणि रात्रभर बसवून ठेवला. सकाळी मी सोडवायला गेलो. साहेब म्हणाले, तुमचं हॉटेल तीनला सुटतं तर पोरांची व्यवस्था करा ना. काय चुकीचं बोलले?

---

संपादक_मंडळ | रविवार, रात्री ९:४०

पक्षांची नावं घेणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. कृपया धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, करू नये.

---

पेठी_पुणेकर | रविवार, रात्री १०:३०

शटर_अर्धं, तुमच्यासारखे असतील तर माझी निम्मी भांडणं संपली.

पण उरलेलं निम्मं तसंच आहे. शहराचा मध्य म्हणजे कोणाचं तरी घरही असतं. आमच्या वाड्यांची दुकानं झाली, दुकानांची कॅफे झाली, आता कॅफे रात्री दोनपर्यंत. राहणारा एकेक करून सिंहगड रोडला जातोय. मग म्हणणार, इथे कोणी राहत नाही, तक्रार करायलाही कोणी नाही, चला पहाटेपर्यंत करू. गिरणगावचं झालं ते सावकाशीने पेठांचं होतंय.

---

रातराणी_सिस्टर | रविवार, रात्री १०:४५

+१. ड्यूटीवर निघतेय.

---

तिसरी_पाळी | सोमवार, सकाळी ६:०५

भाचा आत्ता आला. आजची बुर्जी फुकट मिळाली म्हणाला, शंभरेक कांदे चिरले.

पेठीकाका, तुमच्या ४५ डेसिबलवरून काल रात्री विचार करत होतो. तो नियम रात्री दहा ते सकाळी सहा झोपणाऱ्यांसाठी. दिवसा निवासी भागाला ५५. रात्रपाळीवाला झोपतो दिवसा. बाबा सकाळी साडेसातला यायचे, अंघोळ करून आडवे व्हायचे. मग आई आम्हा पोरांना गॅलरीत काढायची आणि दाराला पडदा लावायची. शेजारच्या काकू पाट्यावर वाटण वाटायच्या थांबायच्या, मसाला दुपारी तीननंतर. मजल्यावर तिसऱ्या पाळीचे सहा जण होते, सगळ्यांना माहीत होतं कोण कधी झोपतो.

इथे आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्सचं काम चालू आहे. नऊला कटर सुरू होतो. कायद्याने त्यांचं काही चुकत नाही. मी दोनदा वर जाऊन आलो. ते म्हणतात, 'दिवसा कोण झोपतं, काका?'

---

पेठी_पुणेकर | सोमवार, सकाळी ६:२२

माझ्याकडे मिरवणुकीसाठी घेतलेल्या इअरप्लगचा एक जोड न फोडलेला आहे. मेणाचे, चांगले बसतात. आज कुरियर करतो, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा. तोवर त्याला म्हणावं कापसाचे बोळे थोडं खोबरेल लावून घाल, नुसता कापूस आवाज अडवत नाही.